न दिसणाऱ्या वाचकांची मोजदाद

जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ महाविद्यालय स्थापन झालें तें १९३० सालीं. त्या काळीं ग्रंथालयाचा उपयोग किती होतो हें जाणण्याची रीत अगदीं साधी होती. पुस्तकाच्या अखेरच्या पानावर तारखांचा कागद चिकटविलेला असे. त्यावरील शिक्के मोजले कीं तें पुस्तक किती वेळां घरीं गेलें याचा उलगडा होई. वाचनाच्या मेजावर पसरलेलीं नियतकालिकें संध्याकाळीं आवरून ठेवणाऱ्या शिपायालाहि ठाऊक असे कीं, कोणाचीं पानें हाताळून मऊ पडलीं आहेत आणि कोणतें बिचारें टपालांतून आलें तसेंच कोरें राहिलें आहे. वाचक डोळ्यांपुढें होता, म्हणून त्याचें वाचनहि डोळ्यांपुढें होतें.

आज ही स्थिति पालटली आहे. जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ता ज्या पवईवरून जातो तेथील १९५८ सालची आय. आय. टी. घ्या, किंवा शेजारच्या गोरेगांवांत रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था घ्या. अशा संस्थांतील संशोधक नवा निबंध वाचण्याकरितां ग्रंथालयाची पायरी चढेलच असें नाहीं. तो निबंध प्रयोगशाळेंत, वसतिगृहांत, कदाचित् लोकलच्या डब्यांत हातांतील फोनवरहि उघडला जातो. इलेक्ट्रॉनिक नियतकालिक मुळीं ग्रंथालयांत येतच नाहीं. तें प्रकाशकाच्या दूरच्या संगणकांत राहतें, आणि ग्रंथालय वर्गणी भरतें ती तें उघडून पाहण्याच्या परवान्यापुरती. मेजें रिकामीं दिसतात, आणि वाचन मात्र पूर्वींपेक्षां अधिक झालेलें असूं शकतें. तें झालें कीं नाहीं, आणि झालें तर किती, हें कळावें कसें, हा संशोधन-ग्रंथालयांपुढील आजचा एक मोठा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथपालाच्या दप्तराचा नव्हे. ग्रंथ हे जपून ठेवण्याकरितां नसून उपयोगाकरितां असतात, हा विचार भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पांच सूत्रांत अग्रस्थानीं ठेवला. उपयोग हीच जर कसोटी, तर तो मोजून पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि मोजून पाहिलें असतां कधीं कधीं फार अनपेक्षित गोष्टी हातीं येतात. अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठांत १९६९ सालीं घेतलेल्या सुमारें ३७,००० पुस्तकांचा माग १९७५ पर्यंत ठेवण्यांत आला, तेव्हां त्यांपैकीं जवळजवळ ४० टक्के पुस्तकें त्या अवधींत एकदांहि बाहेर गेलीं नव्हतीं असें दिसून आलें. १९७९ सालीं हा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद माजला. ग्रंथालयांतच बसून पुस्तकें चाळणाऱ्यांची गणना नीट झाली नाहीं, असा आक्षेप घेण्यांत आला. मोजलें काय आणि मोजावयाचें राहिलें काय, हा वाद असा कागदी पुस्तकांच्या काळींहि होताच.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकें आल्यावर त्यांत एक नवी अडचण शिरली. पूर्वीं मोजणारा ग्रंथपाल होता. आतां मोजणारा स्वतः विक्रेता झाला. किती निबंध उघडले गेले याची नोंद प्रकाशकाच्या संगणकांत होते, आणि तोच ती ग्रंथालयास कळवितो. दुकानदाराचाच तराजू आणि दुकानदाराचींच वजनें, असा हा मामला. त्यांतून प्रत्येकाचें माप निराळें. कोणी निबंधाचा नुसता सारांश पाहिला तरी तो वापर धरी. कोणी संपूर्ण निबंध उघडल्यावरच धरी. अशा आंकड्यांची बेरीज म्हणजे शेर, पायली आणि गज यांची बेरीज होय.

या गोंधळास शिस्त लावण्यासाठीं २००२ सालीं ग्रंथपाल, प्रकाशक आणि त्यांच्यामधील विक्रेते यांनीं मिळून 'काउंटर' नांवाचा उपक्रम सुरू केला. वापर मोजावा कसा व कळवावा कोणत्या नमुन्यांत, याचे नियम या उपक्रमाच्या संहितेंत घालून दिलेले आहेत. तिची पांचवी आवृत्ति २०१९ सालापासून लागू झाली व तिचें सुधारलेलें रूप २०२५ सालापासून.

या संहितेचे नियम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु सारा न्याय त्यांतच आहे. समजा, एका संशोधिकेनें एका निबंधाचा सारांश पाहिला. मग तोच निबंध पडद्यावर संपूर्ण उघडला. आणि कांहीं मिनिटांनीं, सवडीनें वाचावा म्हणून, त्याचीच पीडीएफ प्रत उतरवून घेतली. हा वापर एक कीं तीन? संहिता येथें भेद करते. निबंधाकडे कोणत्याहि रीतीनें वळणें, मग तो नुसता सारांश पाहणें कां असेना, ही झाली चौकशी. आणि संपूर्ण निबंध प्रत्यक्ष मागून घेणें ही झाली मागणी. प्रत्येक मागणी ही चौकशीहि असतेच. म्हणून वरील उदाहरणांत चौकशा तीन आणि मागण्या दोन. पण एका बैठकींत एकच निबंध कितीहि वेळां उघडला तरी तो एकदांच धरावा, असा आणखी एक हिशेब ठेवला जातो. त्या हिशेबानें मागणी एकच. चौथ्या आवृत्तीपर्यंत नियतकालिकांच्या निबंधांसाठीं हा शेवटला हिशेब नव्हता. त्यामुळें ज्या संकेतस्थळावर निबंध आपोआप पडद्यावर उघडे आणि वाचक मागाहून पीडीएफहि घेई, तेथील वापर दुप्पट दिसे. वाचन होतें तेवढेंच राही, आणि आंकडा मात्र फुगे.

याखेरीज आणखी कांहीं खबरदाऱ्या आहेत. अधीर वाचकानें एकाच दुव्यावर तीस सेकंदांच्या आंत दोनदां बोट दाबलें तर तें एकदांच धरतात. जाळ्यावर रात्रंदिवस भटकून मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांची वर्दळ वगळावी लागते. नाहीं तर माणसाच्या नांवावर यंत्राचें वाचन जमा व्हावयाचें. सर्वांस विनामूल्य खुले असलेले निबंध वेगळे दाखवितात; कारण जें फुकट मिळतें त्याच्या वापराचें श्रेय वर्गणीस देणें बरोबर नव्हे. आणि एक नोंद तर विशेष बोलकी आहे. ग्रंथालयानें ज्या नियतकालिकाची वर्गणी भरलेली नाहीं त्याच्या दारापर्यंत जाऊन किती वाचक परत फिरले, हेंहि मोजलें जातें. कागदी ग्रंथालयांत असा वाचक मुकाट्यानें निघून जाई व त्याची निराशा कोठेंच लिहिली जात नसे. आतां न भागलेल्या गरजेचाहि आंकडा ग्रंथपालाच्या हातीं येतो.

या सर्व आंकड्यांचा पहिला उपयोग म्हणजे दर मागणीस पडणारा खर्च काढणें. समजा, एका नियतकालिकाची वार्षिक वर्गणी ३ लाख रुपये आहे व वर्षांत त्यांतील निबंधांची मागणी १,५०० वेळां झाली. तर दर मागणीस २०० रुपये पडले. दुसऱ्याची वर्गणी ६०,००० रुपयेच आहे, पण मागण्या झाल्या अवघ्या बारा. तेथें दर मागणीस ५,००० रुपये पडले. वरकरणी महाग दिसणारें नियतकालिक स्वस्त ठरलें आणि स्वस्त दिसणारें महाग. मोठे प्रकाशक शेंकडों नियतकालिकांची एकच मोट बांधून विकतात. त्या मोटेंतील उपयोगी कोणतें आणि भरतीचें कोणतें, हेंहि याच मार्गानें उघड होतें.

भारतांत ही मोजदाद आतां एकेका ग्रंथालयापुरती राहिलेली नाहीं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना परस्परांशीं जोडण्याकरितां विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९१ सालीं इन्फ्लिबनेटचें कार्य सुरू केलें तें पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान-केंद्राच्या छत्राखालीं. १९९६ सालीं इन्फ्लिबनेट स्वतंत्र झालें, आणि आज त्याचें ठाणें गांधीनगरास आहे. महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिकें व पुस्तकें पुरविणारी 'एन-लिस्ट' ही योजना याच केंद्रानें २०१० पासून चालविली. त्यापुढची मोठी पायरी म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. केंद्रीय मंत्रिमंडळानें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं ही योजना मंजूर केली, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीस प्रकाशकांचीं जवळजवळ १३,००० नियतकालिकें, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व केंद्र सरकारच्या संशोधन-संस्था, आणि सुमारें १ कोटि ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा मंजुरीच्या वेळीं सांगण्यांत आला. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठीं तरतूद झाली ६,००० कोटि रुपयांची.

या रकमेचा हिशेब घरगुती मापानें करून पाहण्याजोगा आहे. दर वर्षास २,००० कोटि. म्हणजे प्रत्येक संभाव्य वाचकामागें सुमारें १,१०० रुपये. प्रत्येकानें वर्षांत एकच निबंध उघडला तर तो निबंध सरकारी तिजोरीस १,१०० रुपयांस पडला; दहा उघडले तर ११० रुपयांस; शंभर उघडले तर ११ रुपयांस. सौदा महाग कीं स्वस्त हें येथें विक्रेता एकटा ठरवीत नाहीं, वाचकहि ठरवितो. या योजनेच्या वापराचा वेळोवेळीं आढावा 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था घेईल, असेंहि मंजुरीबरोबरच जाहीर झालें आहे. तेव्हां पुढील करारांत काय राखावें व काय सोडावें, याचा विचार होईल त्या वेळीं हे आंकडे समोर असणारच.

म्हणूनच या आंकड्यांना काय सांगतां येत नाहीं, तेंहि ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. उघडणें म्हणजे वाचणें नव्हे. शीर्षकास भुलून उघडलेला व क्षणांत मिटलेला निबंध आणि रात्रभर जागून टिपणें काढीत वाचलेला निबंध यांची किंमत मोजणींत सारखीच. उलट एकानें उतरवून घेतलेली प्रत व्हॉट्सॲपवरून दहा सहकाऱ्यांकडे गेली, तर तें वाचन मोजणींत येतच नाहीं. विषयाविषयांतील अंतर तर याहूनहि मोठें. रसायन किंवा वैद्यक यांत निबंध भराभर निघतात व भराभर उघडले जातात. इतिहास किंवा भाषाशास्त्र यांतील अभ्यासक मूठभर, आणि त्यांचें काम दीर्घ मुदतीचें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें तें पूर्ण झालें १९६६ सालीं. अशा कामांत एखादें दुर्मिळ साधन वर्षांत दोनदांच उघडलें जाईल, पण त्याच्यावांचून काम अडून राहील. दर मागणीचा खर्च काढणारा हिशेब त्या दोन वेळांना महाग म्हणेल. त्या कशाकरितां होत्या, हें त्याला विचारतां येत नाहीं. एका विषयाचा आंकडा दुसऱ्या विषयाच्या आंकड्याशीं ताडून पाहणें हा म्हणूनच उघड अन्याय होय.

याहूनहि नाजूक गोष्ट आहे ती कमी आंकड्याच्या अर्थाची. नव्या योजनेनें, तत्त्वतः कां होईना, उपनगरांतील सरकारी महाविद्यालयास व पवईच्या आय. आय. टी.स एकाच कपाटाची किल्ली दिली आहे. पण किल्ली मिळाली म्हणजे कपाट उघडलें असें नाहीं. एखाद्या महाविद्यालयाच्या नांवापुढें अल्प आंकडा दिसला, तर तेथें जिज्ञासा नाहीं असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. परंतु कपाट आहे हेंच तेथें कोणी सांगितलें नसेल. घरून ओळख पटवून आंत कसें शिरावें हें विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. किंवा निबंधाची इंग्रजी त्यांच्या आवांक्याबाहेरची असेल. अशा ठिकाणीं कमी आंकडा हा वर्गणी तोडण्याचा हुकूम नसून, ग्रंथपालानें वर्गांत जाऊन चार धडे द्यावेत, अशी हांक असते. ती ऐकावयाची कीं नाहीं, हें आंकडा ठरवीत नाहीं. तो वाचणारा ठरवितो.

यावर उपाय मोजणी सोडून देणें हा नव्हे, तर तिला जोड देणें हा आहे. निबंध कशासाठीं उघडला, हें कांहीं वाचकांस मधून मधून विचारतां येतें. संस्थेंतील संशोधकांनीं आपल्या लेखनांत कोणत्या नियतकालिकांचा आधार घेतला, हें तपासतां येतें. अध्यापकांशीं प्रत्यक्ष बोलतां येतें. एकच एक वर्ष न पाहतां चार-पांच वर्षांचा ओघ पाहतां येतो.

आणि या साऱ्या उद्योगांत एक मर्यादा पाळली गेली पाहिजे. किती वाचलें गेलें हें मोजणें निराळें, आणि कोणी काय वाचलें यावर पाळत ठेवणें निराळें. 'काउंटर'चे अहवाल संस्थेच्या नांवानें येतात, व्यक्तीच्या नांवानें नव्हे; परंतु संगणकास वाचकाची ओळख पटलेली असते, आणि ती माहिती मोहांत पाडणारी आहे. आपल्या प्रत्येक पानाची कोणीतरी नोंद घेत आहे अशी शंका ज्याच्या मनांत आली, तो गैरसोयीचा विषय उघडावयास कचरेल; आणि संशोधन तर पुष्कळदां गैरसोयीच्या प्रश्नापासूनच सुरू होतें. सार्वजनिक पैशाचा हिशेब समाजाला मिळालाच पाहिजे. वाचकाच्या मनाचा हिशेब मागण्याचा अधिकार मात्र कोणासहि नाहीं. एवढें भान राखून केलेली मोजदाद हीच ग्रंथालयाच्या खऱ्या कामाची.