विश्लेषण : उकळलेल्या आमटीतूनही विषबाधा कशी होते? प्रयोगशाळांची पद्धत एकच का हवी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी (ता. लोहा) येथे धार्मिक कार्यक्रमातील जेवणानंतर दोन हजारांहून अधिक जणांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातही सप्ताह, पंगती, एकादशीची भगर-आमटी नेहमीचीच. अशा वेळी संशय आधी भगर विकणाऱ्या दुकानदारावर जातो. पण दोष शिजवल्यानंतरचाही असू शकतो.

उकळल्यावर विष जात नाही?

जिवाणू मरतो, विष राहते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू माणसाच्या नाकात, त्वचेवर, हाताच्या जखमेत असतो. शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले की तो वाढतो आणि एन्टरोटॉक्सिन सोडतो. हे विष उकळीला दाद देत नाही. जपानमध्ये २००० साली असेच घडले. कारखान्यातील वीज गेली, दूध गरम राहिले. पुढे पावडर करताना जिवाणू मेले, विष टिकले आणि १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

मग अहवालात काय दिसते?

नेहमीच्या तपासणीत जिवंत जिवाणू वाढवून मोजतात. पुन्हा उकळलेल्या आमटीत ते सापडणार नाहीत, म्हणजे अहवाल ‘स्वच्छ’! त्यामुळे थेट विषच शोधावे लागते. अडचण अशी, की १०० नॅनोग्रॅमहून कमी विषही माणसाला पुरते आणि शेंगदाण्याच्या आमटीतील तेल, प्रथिने चाचणीत अडथळा आणतात. एका प्रयोगशाळेने नमुना संहत केला, दुसरीने नाही, तर त्याच आमटीचे दोन निकाल येऊ शकतात.

यासाठी २०१७ मध्ये ‘आयएसओ १९०२०’ हे मानक आले. विष अन्नातून कसे वेगळे काढायचे, कसे संहत करायचे, प्रतिपिंडांच्या साहाय्याने कसे ओळखायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. तरी ही पद्धत ‘ए’ ते ‘ई’ हे पाचच प्रकार पकडते; ज्ञात प्रकार वीसहून अधिक आहेत. शिळ्या भातातील बॅसिलस सेरियसच्या सेरुलाइडसाठी ‘आयएसओ १८४६५’ हे वेगळे मानक आहे. भगरीतील बुरशीच्या विषाची चाचणी तर आणखी निराळी.

गावात काय करावे?

सहसा रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत पातेली घासून झालेली असतात. मग मानक कितीही चांगले असो, तपासणार काय? पंगतीत वाढलेलेच उरलेले अन्न स्वच्छ, झाकणबंद डब्यात बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवावे आणि आरोग्य केंद्राला व अन्न व औषध प्रशासनाला लगेच कळवावे. दुकानातील भगरीचा नमुना वेगळा द्यावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोवर रुग्ण बहुधा घरी परतलेले असतात; दुकानदार मात्र त्या कागदाची वाट पाहत असतो.