जुन्या मोटारीस पॉवर स्टिअरिंग

अ‍ॅम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी अनेक कुटुंबांनी ती जिव्हाळ्याने जपली आहे. मात्र जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरविताना खांदे भरून येतात. यावर पॉवर स्टिअरिंग हा उपाय असून त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्यात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने चाके वळविण्यास साहाय्य करतो. परंतु गाडी सरळ जात असतानाही तो इंजिनाची काही शक्ती खर्च करतो. दुसऱ्यात स्टिअरिंगच्या दांड्यावरील विद्युत मोटार प्रामुख्याने वळविताना वीज घेते. तथापि जुना डायनामो इंजिन मंद चालताना पुरेशी वीज देत नाही. म्हणून आधी अल्टरनेटर बसविणे इष्ट.

झिजलेले सांधे प्रथम बदलणे अगत्याचे आहे. पॉवर स्टिअरिंग त्यांचा दोष दूर करीत नाही. तो केवळ हाताला जाणवेनासा होतो, आणि धोका तेथेच असतो.

काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. कारण २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी तिचे मूळ रूप महत्त्वाचे ठरते. केलेला बदल विमा कंपनीस लेखी कळवावा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उद्भवणार नाही.