चहाच्या पेटीवरची अक्षरे

मंडळी, चहा आता घरोघरी पोचला आहे. पहाटे शेतावर जाणारा माणूस चहा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. पाहुणा आला, तर पाण्याच्या तांब्यामागून चहा येतोच. म्हणजे चहाच्या पुडीवर आपला पैसा सारखा खर्च होत असतो. जिथे आपला पैसा जातो, तिथे आपली नजर पाहिजे.

चहाच्या पेट्यांवर, पोत्यांवर आणि काही पुड्यांवर इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. कुठे 'ओ. पी.', कुठे 'बी. ओ. पी.', कुठे 'पी. डी.'. भारी किमतीच्या पुड्यावर तर सहा-सहा अक्षरांची माळच असते. एखादा दुकानदार त्यावर बोट ठेवून म्हणतो, "हा बघा, वरच्या नंबरचा माल!" आपण मान डोलावतो आणि जास्त पैसे मोजतो. पण या अक्षरांचा अर्थ काय? जितकी अक्षरे जास्त, तितका चहा चांगला, असे आहे का? आज तेच समजून घेऊ.

पानाची पूड कशी होते?

आपल्या महाराष्ट्रात चहाचे मोठे मळे नाहीत. आपल्याकडे चहा येतो तो आसाम, बंगालचा उत्तर भाग, तामिळनाडूतील निलगिरी डोंगर आणि केरळ या भागांतून. तिथे चहाच्या झुडपाच्या शेंड्याची दोन कोवळी पाने आणि एक कळी खुडतात. हे खुडण्याचे काम बहुतेक बायकाच करतात.

ही पाने कारखान्यात पसरून मरगळू देतात. मग ती यंत्रात पिळून वळतात. पिळलेल्या पानाला हवा लागली, की त्याचा हिरवा रंग जाऊन ते तांबूस होते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते ना, तसाच हा प्रकार. शेवटी गरम हवेने पाने वाळवतात.

वाळलेला माल एकसारखा नसतो. त्यात काही अख्खी पाने असतात, काही तुकडे, काही कण आणि काही भुकटी. म्हणून तो लहान-मोठ्या भोकांच्या चाळण्यांतून चाळतात. प्रत्येक चाळणीवर राहिलेला माल वेगळा भरतात आणि त्या त्या मालाला अक्षरे देतात.

हे चाळणे कशासाठी? भुकटी पाण्यात पडली की लगेच रंग सोडते. मोठे पान उलगडायला वेळ घेते. दोन्ही एकत्र असली, तर पान उलगडेपर्यंत भुकटी कडू होऊन बसते. शिवाय पोत्यात भुकटी तळाला जाते. मग पहिल्या गिऱ्हाइकाला पान मिळते आणि शेवटच्याला भुकटी!

अक्षरांचा अर्थ

आता एकेक अक्षर घेऊ.

'ओ. पी.' म्हणजे ऑरेंज पेको. इंग्रजीत ऑरेंज म्हणजे संत्रे. पण या चहात संत्रे नसते आणि संत्र्याचा वासही नसतो. ते नुसते नाव आहे. पेको हा शब्द चिनी बोलीतून आला. चहाच्या कोवळ्या कळीवर बारीक पांढरी लव असते, तिच्यावरून तो पडला. आज 'ओ. पी.' म्हणजे लांब, वळलेले, अख्खे पान.

त्यामागे 'एफ.' आले, तर फ्लॉवरी. यात फुले नसतात, कळ्यांचे शेंडे जास्त असतात. 'जी.' म्हणजे गोल्डन, सोनेरी. 'टी.' म्हणजे टिपी, शेंडे भरपूर असलेला. सगळ्यांत पुढे आणखी एक 'एफ.' असेल, तर फायनेस्ट, म्हणजे अतिउत्तम. अशी 'एफ. टी. जी. एफ. ओ. पी.' ही सहा अक्षरे होतात. दार्जिलिंगच्या भारी चहावर ती दिसतात.

'बी.' म्हणजे ब्रोकन, तुटलेले. 'बी. ओ. पी.' म्हणजे त्याच पानाचे तुकडे. त्याहून बारीक ते फॅनिंग्ज, म्हणजे चहाची कणी. 'ओ. एफ.' आणि 'पी. एफ.' ही कणीचीच नावे. सर्वांत बारीक ती डस्ट. 'डी.' आणि 'पी. डी.' म्हणजे ही भुकटी. डस्ट याचा इंग्रजी अर्थ धूळ. पण ही काही जमिनीवरून झाडून घेतलेली धूळ नव्हे, बरं का! ती चाळणीतून पडलेली चहाचीच बारीक पूड आहे.

'एफ.' या एकाच अक्षराचे तीन अर्थ झाले, हे तुमच्या लक्षात आले असेल. यात घोटाळ्याचे काही नाही. औषधाच्या बाटलीवर 'मि. ली.' असते, तिथे मि. म्हणजे मिली. वेळ सांगताना मि. म्हणजे मिनिटे. जागा पाहून अर्थ घ्यायचा.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा बहुतेक 'सी. टी. सी.' असतो. दातेरी रुळांमधून पान चुरडायचे, फाडायचे आणि त्याचे गोल दाणे करायचे, अशी ही रीत. ती 1930 च्या सुमारास आसामात निघाली. या दाण्यांनाही आकाराप्रमाणे 'बी. ओ. पी.', 'पी. एफ.', 'पी. डी.' अशीच नावे देतात.

अक्षरांनी काय कळत नाही?

आता मुख्य गोष्ट. ही अक्षरे पानाचा आकार आणि रूप सांगतात. चव सांगत नाहीत.

भाताच्या गिरणीतले उदाहरण घ्या. तिथे अख्खा तांदूळ, तुकडा आणि कणी निघते. आंबेमोहराची कणी ही कणीच. पण तिला वास आंबेमोहराचाच येतो. आणि जाड्याभरड्या तांदळाचा दाणा अख्खा असला, तरी तो जाडाभरडाच. चहाचेही तसेच आहे. चांगल्या मळ्याची कणी ही हलक्या मळ्याच्या अख्ख्या पानापेक्षा सरस असू शकते.

याचा पुरावा व्यापाऱ्यांच्या वागण्यातच आहे. कलकत्त्यात 1861 पासून चहाचे लिलाव होत आले आहेत. गुवाहाटीला 1970 मध्ये लिलाव सुरू झाले. लिलावाआधी चहाचे पारखी प्रत्येक मालाचा चहा करून घोट घोट चाखतात. अक्षरांनीच चव कळली असती, तर चाखण्याचा खटाटोप कोणी केला असता का?

मग घ्यावे काय?

चहा कसा करता, ते आधी पाहा. आपण पाणी, दूध, साखर आणि आले घालून चहा उकळतो. त्याला दाणेदार चहा, कणी किंवा भुकटी चांगली. रंग लवकर येतो, चव कडक उतरते आणि पूड कमी लागते. लांब पान हे गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून, गाळून, बिनदुधाचे पिण्यासाठी असते. ते दुधात उकळले, तर त्याचा नाजूक वास जातो आणि पैसा वाया जातो.

दोन प्रकार ताडून पाहायचे असतील, तर चमच्याने मोजू नका. चमचाभर भुकटीचे वजन चमचाभर पानापेक्षा जास्त भरते. दोन्हींचे शंभर-शंभर ग्रॅम आणा आणि कोणता किती दिवस पुरतो, ते पाहा. पुड्यावरचे वजन, किंमत आणि तारीख वाचून घ्या.

सुट्या पुडीचा संशय आला, तर पांढरा टिपकागद ओला करून त्यावर थोडी पूड पसरा. कागदावर लगेच रंगाचे डाग पडले, तर त्यात रंगाची भेसळ असण्याचा संभव आहे. असा चहा घेऊ नये.

तेव्हा यापुढे कोणी अक्षरांच्या माळेवर बोट ठेवले, तर त्याला विचारा, "हा पानाचा आकार झाला. चवीचे काय?" आणि घरी चहा करून आपल्या जिभेने ठरवा.

सांगा पाहू :
1. वाळलेला चहा कशासाठी चाळतात?
2. 'बी. ओ. पी.' मधील 'बी.' चा अर्थ काय?
3. तुमच्या घरी आलेला चहा पान आहे, दाणा आहे की भुकटी? तो किती दिवस पुरतो?