समावेश-वर्जन तत्त्व

समावेश-वर्जन तत्त्व हे एकमेकांत मिसळलेल्या गटांमधील एकूण घटकांची संख्या काढण्याचे गणिती तत्त्व आहे. अनेक गटांच्या सदस्यसंख्यांची नुसती बेरीज केल्यास एकापेक्षा अधिक गटांत असलेले घटक पुन्हा पुन्हा मोजले जातात. ही जास्तीची मोजणी वजा करणे आणि वजाबाकी गरजेपेक्षा अधिक झाली असल्यास तेवढे परत मिळवणे, असे या तत्त्वाचे स्वरूप आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता नववीच्या 'गणित भाग १' या पाठ्यपुस्तकातील 'संच' या पहिल्या प्रकरणात दोन संचांपुरते हे तत्त्व येते.

दोन संच

अ आणि ब हे दोन सांत संच असतील आणि |अ| ही अ मधील घटकांची संख्या असेल, तर

|अ ∪ ब| = |अ| + |ब| − |अ ∩ ब|

येथे अ ∪ ब हा संयोगसंच, तर अ ∩ ब हा छेदसंच होय. छेदसंचातील प्रत्येक घटक |अ| मध्ये एकदा आणि |ब| मध्ये एकदा असा दोनदा मोजला जातो, म्हणून तो एकदा वजा करावा लागतो. छेदसंच रिक्त असल्यास वजा करण्याजोगे काही उरत नाही व साधी बेरीज पुरते.

मुंबईची उपनगरी रेल्वे हे याचे सहज पडताळून पाहता येणारे उदाहरण आहे. सांताक्रूझ स्थानकात पश्चिम मार्गावरील धीम्या लोकल थांबतात आणि हार्बर मार्गाच्या गोरेगाव शाखेवरील लोकलही थांबतात. चर्चगेट ते गोरेगाव या पट्ट्यात पश्चिम मार्गाची १९ स्थानके आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते गोरेगाव या हार्बर शाखेवर १८ स्थानके आहेत. मात्र दोन्ही मार्गांची मिळून ३७ स्थानके होत नाहीत. माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर आणि गोरेगाव ही ९ स्थानके दोन्ही याद्यांत येतात. म्हणून एकूण स्थानके १९ + १८ − ९ = २८.

हार्बर सेवा २०१८ मध्ये अंधेरीपासून गोरेगावपर्यंत वाढवण्यात आली. त्यापूर्वी या शाखेवर १५ स्थानके होती आणि त्यांपैकी ६ सामाईक होती. तेव्हाचे उत्तरही १९ + १५ − ६ = २८ असेच येते. विस्तारामुळे हार्बरच्या यादीत तीन स्थानकांची भर पडली, पण ती तिन्ही पश्चिम मार्गाच्या यादीत आधीपासूनच होती. |ब| आणि |अ ∩ ब| सारखेच वाढले की संयोगसंच आहे तेवढाच राहतो.

मोजण्यापूर्वी 'एक घटक' म्हणजे काय हे ठरवणे आवश्यक असते. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्थानके एकमेकांना लागून आहेत, पण रेल्वेच्या नोंदीत त्यांचे संकेत वेगळे आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने ते एक ठिकाण आहे, रेल्वेच्या दप्तरात दोन. याउलट माटुंगा आणि माटुंगा रोड ही नावे जवळची असली तरी स्थानके निराळी आहेत. असा निर्णय सूत्राने होत नाही, तो मोजणाऱ्यानेच आधी घ्यावा लागतो.

तीन संच

तीन संचांसाठी सूत्र असे होते :

|अ ∪ ब ∪ क| = |अ| + |ब| + |क| − |अ ∩ ब| − |ब ∩ क| − |अ ∩ क| + |अ ∩ ब ∩ क|

शेवटचे पद अधिक का, हा विद्यार्थ्यांना हमखास पडणारा प्रश्न आहे. तिन्ही संचांत असलेला घटक पहिल्या तीन पदांत तीनदा मिळवला जातो आणि पुढील तीन पदांत तीनदा वजा होतो. म्हणजे तो मोजणीतून पूर्णपणे निसटतो. शेवटच्या पदाने तो एकदा परत येतो : ३ − ३ + १ = १.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघणारे तीन मार्ग घेऊ. कुर्ल्यापर्यंतचा मध्य मार्ग (११ स्थानके), हार्बरची गोरेगाव शाखा (१८) आणि हार्बरच्या पनवेल शाखेचा कुर्ल्यापर्यंतचा भाग (११). मध्य मार्ग आणि गोरेगाव शाखा यांत ३ स्थानके सामाईक आहेत, मध्य मार्ग आणि पनवेल शाखा यांत कुर्ल्यासह ४. दोन्ही हार्बर शाखा वडाळा रोडपर्यंत एकत्र जातात, म्हणून त्यांची सामाईक स्थानके ८. टर्मिनस, मशीद आणि सँडहर्स्ट रोड ही ३ स्थानके तिन्ही याद्यांत आहेत. उत्तर : ११ + १८ + ११ − ३ − ४ − ८ + ३ = २८. शेवटचे ३ मिळवण्याचे राहिल्यास उत्तर २५ येते, आणि मग जणू टर्मिनसच नकाशावरून नाहीसे होते.

'फक्त' या शब्दाचे महत्त्व

शालेय उदाहरणांत चूक बहुधा आकडेमोडीत होत नाही, वाक्य वाचण्यात होते. पुढील काल्पनिक उदाहरण पाहावे. सांताक्रूझमधील काही प्रवाशांपैकी ७० जण लोकल, ४० जण बस आणि ३० जण रिक्षा वापरतात. लोकल व बस वापरणारे २०, बस व रिक्षा वापरणारे १०, लोकल व रिक्षा वापरणारे १५ आणि तिन्ही वापरणारे ५ आहेत. तर यांपैकी किमान एक वाहन वापरणारे किती?

'लोकल व बस वापरणारे २०' यात रिक्षाही वापरणारे ५ जण अंतर्भूत आहेत. वरील सूत्राने १४० − ४५ + ५ = १०० हे उत्तर मिळते. आता त्याच विधानांत 'फक्त लोकल व बस', 'फक्त बस व रिक्षा', 'फक्त लोकल व रिक्षा' असे शब्द असते, तर तिन्ही वापरणारे ५ जण या २०, १० आणि १५ च्या बाहेर राहतात. मग केवळ लोकल वापरणारे ७० − २० − १५ − ५ = ३०, केवळ बस वापरणारे ५ आणि केवळ रिक्षा वापरणारे ० येतात. एकूण ३५ + ४५ + ५ = ८५. आकडे तेच, पण एका शब्दाने १५ माणसांचा फरक पडतो.

म्हणूनच वेन आकृती भरताना मधल्या भागापासून बाहेरच्या भागांकडे जाण्याची पद्धत सोयीची ठरते. तिन्ही वर्तुळांतील सामाईक भागात ५ लिहिल्यावर पहिल्या अर्थाने लोकल-बस या भागात उरतात २० − ५ = १५, तर दुसऱ्या अर्थाने तेथे थेट २० येतात. एखाद्या भागात ऋण संख्या आली तर दिलेली माहितीच परस्परविसंगत असते किंवा 'फक्त' वाचताना गफलत झालेली असते.

हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २६ टक्के लोकांना मातृभाषेखेरीज आणखी एक भाषा येते आणि सुमारे ७ टक्के लोकांना तीन भाषा येतात. हे ७ टक्के आधीच्या २६ टक्क्यांतच आहेत. दोन्ही आकडे मिळवून ३३ टक्के म्हणणे चूक ठरते.

छेदसंच दिलेला नसताना

१०० जणांपैकी ७० जण लोकल आणि ४० जण बस वापरतात एवढेच ठाऊक असेल, तर दोन्ही वापरणाऱ्यांची नेमकी संख्या सांगता येत नाही, पण तिच्या मर्यादा सांगता येतात. संयोगसंच १०० पेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून छेदसंच किमान ७० + ४० − १०० = १०. तो लहान गटापेक्षा मोठा नसतो, म्हणून कमाल ४०. स्पर्धा परीक्षांत 'कमीत कमी किती' असा प्रश्न येतो तो याच धर्तीचा.

इतिहास आणि विस्तार

अब्राहम द म्वाव्र यांच्या संभाव्यतेवरील १७१८ च्या ग्रंथात या विचाराचा वापर आढळतो. पोर्तुगीज गणिती दानिएल दा सिल्व्हा (१८५४) आणि इंग्रज गणिती जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर (१८८३) यांची नावेही या तत्त्वाशी जोडली जातात. वर्तुळांच्या आकृत्या लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात वापरल्या होत्या. जॉन वेन यांनी १८८० मध्ये त्यांना आजचे स्वरूप दिले.

संच कितीही असले तरी चिन्हांचा क्रम तोच राहतो : एकेका संचाची पदे अधिक, दोन-दोनांच्या छेदांची उणे, तीन-तीनांच्या छेदांची अधिक, आणि याप्रमाणे पुढे. चार संचांसाठी १५ पदे लागतात. आकृतीचा उपयोग मात्र येथे खुंटतो. चार संचांच्या सर्व शक्यता दाखवण्यासाठी १६ भाग हवेत आणि चार वर्तुळांनी प्रतलाचे जास्तीत जास्त १४ भाग पडतात. वेन यांनी त्यासाठी लंबवर्तुळे वापरली.