मुलकी, गैरमुलकी आणि पंधरा वर्षांचा पुरावा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की नांदेड आणि लातूर येथील तहसील कचेऱ्यांच्या आवारात दरवर्षी एकच दृश्य दिसू लागते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद, शेजारी कामावर खाडा करून आलेले वडील, आणि सेतू केंद्राच्या खिडकीसमोर न सरकणारी रांग. ज्यासाठी हा खटाटोप चालतो त्या कागदाचे नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असे भारदस्त आहे. सिद्ध करावयाची गोष्ट मात्र अगदी साधी: हा मुलगा येथलाच आहे. ती सिद्ध करण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला, शिधापत्रिका, वीजबिल, वडिलांचे प्रतिज्ञापत्र असे साक्षीदार उभे करावे लागतात, आणि त्या सर्वांनी मिळून साधारणतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याची ग्वाही द्यावी लागते.

पंधरा वर्षांचे हे माप मराठवाड्याला नवे नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ च्या फर्मानाने जे मुलकी नियम ठरले, त्यांतही हाच आकडा होता. जो जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुलकी. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केलेले असावे, पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिलेला असावा, आणि तसे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करून द्यावे, म्हणजे तोही मुलकी होई. बाकीचे गैरमुलकी, त्यांना सरकारी नोकरीचे दार सामान्यतः बंद. परत जाण्याचा विचार सोडल्याचे शपथेवर लिहून घेणारे ते सरकार निदान एका गोष्टीत प्रामाणिक होते. माणूस कोठला हे त्याच्या मनावरही अवलंबून असते, एवढे त्याने मान्य केले होते.

अर्थात मुलकी असल्याचा लाभ नांदेडच्या किंवा उदगीरच्या मराठी माणसाला कितीसा झाला, हा प्रश्न वेगळाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, पुढे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच राहिले. ज्याची भाषा कचेरीत चालत नाही तो कागदावर मुलकी असून व्यवहारात परकाच. आणि ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी या मुलखाला निजामाच्या राजवटीतून सोडविण्याच्या लढ्याचे नेतृत्व केले, त्यांचा जन्म संस्थानाबाहेर, ब्रिटिश हद्दीतील विजापूर जिल्ह्यात सिंदगी येथे झालेला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिकवावयास आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दाखला मागितला नाही. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि त्याच विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मुले दाखले गोळा करीत हिंडतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पण मुलकी नियम गेले नाहीत. बाहेरून आलेल्या नोकरदारांविरुद्ध १९५२ साली तेलंगणात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले, हैदराबादेत गोळीबार झाला, माणसे मेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले, आणि येथून आपल्या भागाच्या कागदोपत्री दुर्दशेचा खरा इतिहास सुरू होतो. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा, जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि इस्लापूर नांदेडकडे आले. बिदर जिल्ह्याचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याच्या वाट्याला आले, तर बिदर, भालकी, औराद म्हैसूरकडे गेले.

उदगीरला १९५० साली जन्मलेल्या एखाद्या वृद्धाचा विचार करून पाहावा. जन्म हैदराबाद राज्यातला, जिल्हा बिदर. वयाच्या सहाव्या वर्षी तो मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा रहिवासी झाला, दहाव्या वर्षी महाराष्ट्राचा, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला तेव्हा लातूरचा. घराचा उंबरठा न ओलांडता या गृहस्थाने तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. त्याच्या नातवाला मात्र आजोबांच्या वास्तव्याचा पुरावा एकाच ठिकाणी, एकाच नावाखाली, एकाच लिपीत मिळाला पाहिजे, अशी आपल्या कचेऱ्यांची अपेक्षा असते.

तेलंगणात मुलकी नियमांचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. परंतु आपल्या सीमेवरच्या मुलांचे भवितव्य त्यात अडकलेले आहे. नोकरीसाठी रहिवासाची अट घालण्याचा अधिकार संविधानाने फक्त संसदेला दिला. संसदेने १९५७ मध्ये केलेल्या कायद्यातील तेलंगणाविषयीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुलकी नियम अद्याप जिवंत असल्याचा निर्णय दिला. त्यावरून आंध्र पेटला, १९७३ मध्ये सहा कलमी तोडगा निघाला, मुलकी नियम निरस्त झाले, आणि त्यांच्या जागी संविधानात ३७१-ड हे कलम आले. मुलकी गेला आणि 'स्थानिक उमेदवार' आला. स्थानिक ठरण्यासाठी आता जन्म किंवा घर पाहिले जात नाही. पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे त्या भागात शिक्षण झाले आहे काय, हे प्रामुख्याने पाहिले जाते.

आता बिलोली किंवा धर्माबाद तालुक्यातील एका मुलाची कल्पना करू. वडील निजामाबादेत बांधकामावर मजुरी करतात, म्हणून मुलगा दहावीपर्यंत तेथे शिकला. हुशार निघाला, म्हणून पोटाला चिमटा घेऊन वडिलांनी त्याला अकरावी-बारावीसाठी लातूरला पाठविले. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती निजामाबादेतही पोहोचलेली आहेच. वैद्यकीय प्रवेशाची वेळ आली तेव्हा तेलंगणाच्या लेखी तो स्थानिक नाही, कारण शेवटची दोन वर्षे त्याने महाराष्ट्रात काढली. महाराष्ट्राच्या लेखी त्याचा अधिवास निर्विवाद असला तरी तो राज्याच्या कोट्यात बसत नाही, कारण येथे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याची अट आहे. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः बदलीच्या नोकरीवर असलेल्या सरकारी सेवकांच्या मुलांसाठी. मजुराची बदली होत नाही, त्याचे नुसते स्थलांतर होते. दोन राज्यांच्या मध्ये उभा असलेला हा मुलगा दोन्हीकडे गैरमुलकी ठरतो. धर्माबाद परिसरातील काही गावांनी २०१८ मध्ये आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली, तेव्हा येथे बराच संताप व्यक्त झाला. त्या मागणीमागे तेथील शेतकरी योजनांचे आकर्षण होते हे खरे. परंतु सीमेवर राहणाऱ्याला राज्य ही वस्तू कचेरीच्या खिडकीतूनच दिसते, हेही तितकेच खरे.

या अटी मुळातच अन्याय्य आहेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मागास भागातील मुलांना आपल्या भागातील महाविद्यालयांत अग्रक्रम मिळावा ही मागणी मराठवाड्यानेच वर्षानुवर्षे केलेली आहे. पण असल्या कुंपणाचा फायदा कोणाला होतो हेही तपासले पाहिजे. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीसच्या सूत्रात सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातून बारावी झालेल्यांना राखीव असत. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, जागा थोड्या; त्यामुळे संरक्षणासाठी उभारलेले कुंपण आपल्याच मुलांना कोंडणारे ठरले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द करण्यात आले. रद्द करणारे मंत्री लातूरचे होते, हा योगायोग नव्हे.

खुद्द 'अधिवास' हा शब्दही कायद्याच्या कसोटीवर लंगडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट सांगितले, की भारतीय नागरिकाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास नसतो. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरील रहिवासाधिष्ठित आरक्षण घटनाबाह्य ठरविताना न्यायालयाने या भूमिकेचा पुनरुच्चार केला. पदवीच्या प्रवेशासाठी मर्यादित प्रमाणात वास्तव्याची अट चालते; परंतु ती वास्तव्याची अट आहे, नागरिकत्वाच्या उपप्रकाराची नव्हे. आपल्या प्रमाणपत्रावर मात्र राष्ट्रीयत्व आणि अधिवास एका ओळीत बसलेले असतात. खिडकीमागचा कारकून त्यामुळेच अर्जदाराकडे, तो नुकताच परदेशातून उतरला असावा, अशा नजरेने पाहात असेल काय?

परदेशाचाच विषय निघाला म्हणून इटलीचे उदाहरण घेऊ. तेथे राहणाऱ्या परकीयांना वास्तव्य परवान्यासाठी जो त्रास सोसावा लागतो त्याची ख्याती युरोपभर आहे. टपाल कचेरीतून अर्जाचा संच आणायचा, मुद्रांक लावायचा, पोलीस मुख्यालयात बोटांचे ठसे द्यायचे आणि मग महिनेच्या महिने वाट पाहायची; कधी कधी परवाना हाती येतो तेव्हा त्याची मुदत संपत आलेली असते. तरीही दोन गोष्टी तेथे शिकण्यासारख्या आहेत. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिल्याची टपालाची पावती ही परवाना येईपर्यंत कायदेशीर आधार मानली जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालण्यासाठी अर्ज केला, की २०१२ पासून नोंद आधी दोन दिवसांत होते आणि चौकशी मागाहून. पालिकेचा माणूस घरी येऊन पाहून जातो. पंचेचाळीस दिवसांत पालिकेने हरकत घेतली नाही तर नोंद कायम. शासनाला शंका असेल तर शासनाने चालत यावे, असा याचा अर्थ.

आपल्याकडे उलट आहे. ऊसतोडीसाठी वर्षातील पाच-सहा महिने कोपीत राहणाऱ्या कुटुंबाने सलग वास्तव्याचा पुरावा आणावयाचा. लातूरला खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने भाडेकरार आणावयाचा, जो घरमालक कधीच करून देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरे कागदांसह गाडली गेली, गावेच्या गावे नव्या जागी वसली, त्यांनीही कागद दाखवावयाचे. वास्तविक यांतील बहुतेक पुरावा शासनाच्याच दप्तरात असतो. शाळा जिल्हा परिषदेची, शिधापत्रिका पुरवठा खात्याची, सातबारा महसूल खात्याचा, मतदारयादी तहसील कचेरीतच. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर नेण्यासाठी नागरिकाला हमाल केले जाते, आणि वर हमालीही त्याच्याकडूनच घेतली जाते. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक नको असे सरकारने २०२५ मध्येही सांगितले. प्रवेशाच्या धावपळीत ते सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

शासनाला आपले दप्तर शोधता येत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी जाणणारे लोक बसविण्यात आले, हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत माणसे गेली. तो विषय आरक्षणाचा होता आणि त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. राजकीय निकड निर्माण झाली की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे दप्तर उघडते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

सीमेवरील मुलांच्या बाबतीत मार्गही महाराष्ट्राने स्वतःच आखून ठेवलेला आहे. कर्नाटकाच्या ताब्यातील ज्या ८६५ गावांवर आपण हक्क सांगितला आहे, आणि ज्यांत बिदर जिल्ह्यातील गावेही आहेत, तेथील मराठी मुलांना अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी सवलत आहे. मुलगा त्या गावांतला असल्याचा आणि त्याची मातृभाषा मराठी असल्याचा दाखला दिला की तो अर्ज करू शकतो. म्हणजे जो कर्नाटकात राहतो त्याला आपण आपला मानतो, आणि जो देगलूरचा असून निजामाबादेत दहावी झाला त्याला वैद्यकीय प्रवेशाच्या दारात परका ठरवितो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट, उदगीर, देवणी अशा सीमावर्ती तालुक्यांपुरती दहावीची अट शिथिल करावयाची झाली तर त्यासाठी संविधानाला हात लावण्याची गरज नाही. प्रवेशाच्या नियमांत एक पोटकलम घातले तरी पुरे, आणि ते पुढील वर्षीची माहितीपुस्तिका छापली जाण्यापूर्वी घालता येईल.