मागे पडलेले घड्याळ आणि पडद्यावरचे प्राणी

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे समजून वडीलधारी मंडळी त्याकडे पाठ फिरवतात. परंतु त्या पडद्यावर मेंढ्या चरतात, लांडगे त्यांच्यामागे लागतात, कोणी जगतो, कोणी मरतो. आणि ह्या जगण्यामरण्याचा निकाल कधी कधी बळावर नव्हे, तर यंत्राला हिशेब करण्यास झालेल्या उशिरावर ठरतो. हा उशीर काय करतो, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

पडद्यावरचा प्राणी सलग जगत नाही. तो ठोक्याठोक्याने जगतो. ‘माइनक्राफ्ट’ ह्या प्रसिद्ध खेळात सेकंदाला २० ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला यंत्राने प्रत्येक प्राण्याची जागा आणि पुढची चाल ठरवायची. एका वाड्यात शेकडो जनावरे कोंडली की हे काम वेळेत उरकत नाही. ठोके २० चे १० झाले, तर २० मिनिटांत मोठे होणारे कोकरू ४० मिनिटे घेते. मेंढी आणि लांडगा दोघेही सारखेच मंदावतात, म्हणून त्यांच्यापुरता निकाल बदलत नाही. पण अनेक जण मिळून खेळतात तेव्हा प्राण्यांचा हिशेब एका सामाईक यंत्रावर होतो, आणि खेळणाऱ्याची चाल त्याच्या स्वतःच्या यंत्रावर ठरते. ती मंदावत नाही. साहजिकच पाठीस लागलेला शत्रू त्याला गाठू शकत नाही. उशीर सर्वांना सारखा नसला, की पारडे असे झुकते.

काही खेळांत ठोका लांबला तर तेवढेच लांब पाऊल एकदम टाकतात. सेकंदाला ६ मीटर धावणारा प्राणी सेकंदाच्या साठाव्या भागात १० सेंटिमीटर सरकतो. वाटेतली भिंत त्याला अडवते. अर्धा सेकंद उशीर झाला, की तो एकदम ३ मीटर पुढे मांडला जातो. आधी भिंतीच्या अलीकडे, मग पलीकडे. मधली भिंत हिशेबात आलीच नाही! कड्याच्या काठाशी वळण्यास शिकवलेला प्राणी असाच काठ ओलांडून खाली पडतो. त्याची बुद्धी तीच असते. पाहण्याची संधी हुकते.

लांब पावलाचा आणखी एक परिणाम आपल्या देवळीच्या कपाशीवरून समजेल. खाणारा आणि खाल्ला जाणारा ह्यांचे गणित आल्फ्रेड लोटका ह्यांनी १९२५ साली व व्हिटो व्होल्टेरा ह्यांनी १९२६ साली मांडले. आपण त्याहून सोपे उदाहरण घेऊ. समजा, पानांवर १०० मावा आहेत, ते वाढत नाहीत, आणि ढालकिडे रोज उरलेल्यांचा दहावा भाग खातात. एकेका दिवसाचा हिशेब केला तर दहा दिवसांनी सुमारे ३५ उरतात. पाच-पाच दिवसांचा केला तर २५. आणि पहिल्या दिवसाचा आकडा धरून दहाही दिवस एकदम मोजले, तर रोज १० प्रमाणे सगळे १०० खलास! मावा पानावर आहे, हिशेबात मात्र नामशेष झाला.

उशीर निसर्गातही असतो. मावा भराभर वाढतो, ढालकिडे मागाहून वाढतात. फवारणीत दोघेही मेले तर मावा आधी सावरतो. हा उशीर खरा आहे, यंत्राचा नव्हे. मग दोन्ही वेगळे ओळखावेत कसे? पाऊल निम्मे करून हिशेब पुन्हा करावा. एका दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाचे पाऊल घेतले तर ३५ चे ३६ होतात. हे उत्तर भरवशाचे. दहा दिवसांचे पाऊल पाचांवर आणताच शून्याचे २५ झाले. तेथे मावा मेला नव्हता, हिशेब चुकला होता.

ही बारकाई खेळापुरती नाही. किडींचे अंदाजही आता अशाच गणितांनी यंत्रावर बांधता येतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. अशा मुलखात एक अनावश्यक फवारणी टळणे ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा यंत्राने आकडा सांगितला, तर तो किती दिवसांच्या पावलाने काढला, हे शेतकऱ्याने अवश्य विचारावे.