वारस नोंद आणि प्रोबेट
बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावात खातेदार मृत्युपत्र न करता वारला, तर प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याचा, प्रश्नच उद्भवत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार वारसांनी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. तलाठी ती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, घेऊन चौकशी करतो आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. तथापि फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे सासरी गेलेल्या मुलींची नावे वर्दीतून गाळणे, जे आजही सर्रास घडते, केवळ अन्याय्यच नव्हे तर निरर्थकही ठरते, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलेला आहे.